ड्रमसोबत माहितीही पोहोचली पाहिजे

तारापूर, तळोजा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ. यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, टोल्युइनचे ड्रम उतरताना दिसतील. रंग, चिकटद्रव्यं, छपाईची शाई, औषधांचा कच्चा माल अशा कितीतरी ठिकाणी हा द्रावक लागतो. एका ड्रममध्ये साधारण १८० किलो माल असतो, दिसायला पाण्यासारखा स्वच्छ, वासाला गोडसर पण उग्र. त्याचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे पौषातल्या पहाटेसुद्धा उघड्या ड्रमच्या तोंडाशी एका ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ तयार असते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत गटारात, खड्ड्यात, पंपाच्या चौथऱ्यामागे साचते. हवेत तिचं प्रमाण १.१ टक्का झालं की स्फोटाला तेवढं पुरतं.

हे सगळं रसायनशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण ड्रमच्या बुचाला पाना लावणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतं का? पुस्तकातली माहिती त्या माणसापर्यंत नेणं हे एक पूर्ण वेळचं, पगाराचं, कायद्याने बांधलेलं काम आहे. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली आपली बरीच मुलं क्वालिटी कंट्रोलच्या नोकरीपलीकडे पाहत नाहीत, कारण हे क्षेत्र त्यांना कुणी नीट उलगडून दाखवलेलं नसतं. म्हणून या एका ड्रमचा माग काढू आणि वाटेत कोणकोण भेटतं ते पाहू.

आधी कायदा, थोडक्यात. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वस्तीत शिरला, तेव्हा आसपासच्या लोकांना त्या कारखान्यात काय साठवलंय हे माहीत नव्हतं. रुग्णालयात रांगा लागल्या तेव्हा डॉक्टरांनाही नेमका वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या रात्री वायूइतकाच घात माहितीच्या अभावाने केला, असं मला ठामपणे वाटतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवरचं एक नवं प्रकरणच घातलं गेलं. त्यातल्या कलम ४१-बी प्रमाणे कारखानदाराने धोक्यांची माहिती कामगारांना, निरीक्षकांना, स्थानिक प्रशासनाला आणि शेजारच्या जनतेला स्वतःहून द्यायची. ती दडवली तर त्या कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होता. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम आले; त्यांतल्या १७ व्या नियमाने प्रत्येक घातक रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका आणि प्रत्येक भांड्यावर लेबल बंधनकारक केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. माहिती देण्याची जबाबदारी तिच्यातही कायम आहे. या क्षेत्रात येणाऱ्याला पुढची काही वर्षं जुनी कलमं आणि नवी संहिता दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतील.

आता ड्रमकडे वळू.

ड्रम भरण्याआधीच त्याची पत्रिका लिहिली जाते. कारखान्यात तिला अजूनही सर्रास ‘एमएसडीएस’ म्हणतात, नवं नाव एसडीएस. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या जीएचएस या जागतिक पद्धतीनुसार तिचे सोळा भाग ठरलेले आहेत आणि क्रमही ठरलेला आहे. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, पाचव्यात आग, सहाव्यात गळती, आठव्यात संरक्षक साधनं, दहाव्यात कशाशी जुळत नाही ते, चौदाव्यात वाहतूक. क्रम पक्का असण्याचा फायदा अपघाताच्या वेळी कळतो. पत्रिका जर्मनीतून आलेली असो की अंकलेश्वरहून, गळती झाली की हात थेट सहाव्या भागावर जातो.

ही पत्रिका लिहिणारा माणूस या साखळीतला पहिला व्यावसायिक. कंपन्यांत त्या विभागाला रेग्युलेटरी अफेअर्स किंवा प्रॉडक्ट स्टुअर्डशिप म्हणतात. त्याच्या टेबलावर काय चालतं ते जरा जवळून पाहू.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. टोल्युइनला मिथाइलबेंझीन म्हणतात, टोल्युओल म्हणतात, व्यापारी नावं वेगळीच. गोंधळ नको म्हणून प्रत्येक रसायनाला कॅस क्रमांक असतो, याचा १०८-८८-३. त्यातला शेवटचा ३ हा पडताळणीचा अंक आहे. आधीचे अंक उजवीकडून घ्यायचे आणि अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, पाच यांनी गुणायचे: आठ एके आठ, आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस, शून्य चोक शून्य, एक पंचे पाच. बेरीज ५३, आणि तिचा शेवटचा अंक ३. टंकताना एक अंक चुकला तर बहुतेक वेळा हा हिशेब जुळत नाही. चांगला पत्रिकाकार पुरवठादाराच्या कागदावरचा क्रमांकही आधी असा तपासून घेतो.

दुसरं काम वर्गीकरणाचं. शुद्ध रसायनाचं वर्गीकरण तयार याद्यांत सापडतं; खरी परीक्षा मिश्रणांची. समजा एका थिनरमध्ये १५ टक्के मिथेनॉल आहे आणि बाकीचे घटक तोंडावाटे विषारी नाहीत. मिथेनॉल तोंडावाटे विषारीपणाच्या तिसऱ्या श्रेणीत मोडतं, आणि त्या श्रेणीसाठी जीएचएसमध्ये ग्राह्य धरलेला आकडा आहे किलोमागे १०० मिलिग्रॅम. सूत्राप्रमाणे १०० ला (१५ भागिले १००) ने भागलं की मिश्रणाचा आकडा येतो सुमारे ६६७. तो ३०० ते २००० च्या मधला, म्हणून मिश्रण चौथ्या श्रेणीत जातं. चित्र येतं साध्या उद्गारचिन्हाचं, इशारा येतो ‘गिळल्यास अपायकारक’ एवढाच. नवखा माणूस इथे थांबतो. पण मिथेनॉल माणसाची दृष्टी घालवतं, आणि अवयवांना होणाऱ्या इजेचा हिशेब वेगळा करायचा असतो. युरोपीय यादीप्रमाणे मिथेनॉल १० टक्के किंवा जास्त असेल तर ते मिश्रणही अवयवांना इजा करणारं, पहिल्या श्रेणीचं, ‘धोका’ या शब्दानिशी. एक गणित थिनरला सौम्य ठरवतं आणि दुसरं गंभीर. दोन्ही करून मगच पत्रिकेवर सही करायची. टेबलावर बसून केलेल्या या कामाने कुणाचे तरी डोळे वाचतात.

महाराष्ट्रातल्या रसायन कंपन्या युरोप-अमेरिकेला माल पाठवतात. युरोपात रीच आणि सीएलपी हे दोन नियम आहेत, अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचं हॅझर्ड कम्युनिकेशन मानक आहे, जे २०१२ मध्ये जीएचएसशी जुळवलं गेलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सुधारलं. पत्रिका चुकली की माल बंदरात अडकतो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत बसून परदेशी बाजारांसाठी पत्रिका लिहिणाऱ्यांची चांगली फळी तयार झाली आहे. रसायनशास्त्रातली एमएस्सी, नीटनेटकी इंग्रजी, आकड्यांचा कंटाळा नसणं आणि विषविज्ञान शिकायची तयारी असली की इथे प्रवेश मिळतो. कारखान्याच्या गेटपासून दूर राहू इच्छिणाऱ्यांना हे काम मानवतं. पण वर्षातून काही दिवस तरी त्यांनी प्लांटवर जाऊन आपली पत्रिका वापरली जाताना पाहावी, असं माझं मत आहे. नाहीतर आठव्या भागात ‘योग्य हातमोजे वापरा’ असलं निरुपयोगी वाक्य लिहिलं जातं. कुठले योग्य? नायट्राइलचे हातमोजे सगळीकडे मिळतात, पण टोल्युइन त्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे हातमोजे टोल्युइनला उत्तम, मात्र पाण्यात ते विरघळतात. व्हिटॉनचे टिकतात, महाग पडतात. हातमोज्याचं नाव आणि तो किती वेळ टिकतो हे न लिहिणारी पत्रिका अपुरी समजावी.

पत्रिकेतून निघतं लेबल. लाल चौकटीतली उभी चौकोनी चित्रं आता ओळखीची झाली आहेत: ज्वाला, कवटी, हातावर आणि धातूवर सांडणारा थेंब, छातीवर तारा फुटलेला माणूस. एकूण नऊ. टोल्युइनच्या ड्रमवर ज्वाला असते, उद्गारचिन्ह असतं आणि तो छातीवरचा तारा असतो. तारा कशासाठी? पोटातल्या बाळाला अपाय होण्याची शंका, दीर्घकाळच्या संपर्काने होणारी इजा, आणि गिळताना फुप्फुसात उतरलं तर मृत्यूचा संभव, या तीन गोष्टींसाठी. कामगारांना विचारा, ज्वाला सगळे ओळखतात. ताऱ्याचा अर्थ फार थोडे सांगतात.

एक सापळा इथे आहे आणि तो प्रत्येक नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात समजून घ्यावा. आपल्याकडे टाक्यांवर चार रंगांचा मोठा चौकोन रंगवलेला असतो: निळा आरोग्याचा, लाल आगीचा, पिवळा अस्थिरतेचा, पांढरा विशेष सूचनेचा. ही अमेरिकेतल्या एनएफपीएची पद्धत, आग विझवायला येणाऱ्यांना लांबून वाचता यावी म्हणून काढलेली. तिच्यात ० म्हणजे धोका नगण्य आणि ४ म्हणजे सर्वांत जास्त. जीएचएसच्या श्रेणी उलट चालतात: श्रेणी १ सर्वांत भयंकर, ४ त्या मानाने सौम्य. एकाच आवारात टाकीवर एक पद्धत आणि पत्रिकेत दुसरी. ‘यात एकच आहे, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर तो कुठला एक वाचतोय हे आधी विचारायचं.

ड्रम ट्रकवर चढतो तेव्हा माहितीही दुसऱ्या हातात जाते. वाहतुकीत टोल्युइनची ओळख संयुक्त राष्ट्रांचा १२९४ हा क्रमांक. गाडीवर आपत्कालीन माहितीचा फलक, चालकाकडे ट्रेम कार्ड म्हणजे वाहतुकीतल्या आपत्कालीन सूचनांचं कार्ड, आणि चालकाला घातक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, अशी मोटार वाहन नियमांची रचना आहे. पाठवणाऱ्याने पूर्ण माहिती चालकाच्या हाती द्यायची आणि चालकाला ती समजली आहे याची खात्री करायची. मोठ्या कंपन्यांत हे पाहायला लॉजिस्टिक्स सेफ्टीची स्वतंत्र माणसं असतात.

टँकर रिकामा करण्याची जागा हा माझ्या मते सगळ्या कारखान्यातला सर्वांत दुर्लक्षित कोपरा. इथे टोल्युइन बाजूला ठेवून दुसरं उदाहरण घेतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्रमांक १७८९. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा १७९१. दोन्ही सांडपाणी प्रक्रियेत लागतात, दोन्ही बऱ्याचदा एकाच अंगणात उतरतात. आम्लाचा पाइप हायपोच्या टाकीला जोडला गेला तर काही क्षणांत क्लोरिन वायू उसळतो. कागदावर दहाव्या भागात हे स्पष्ट असतं. पण पाइप जोडणारा माणूस टँकरचा क्लीनर असतो, त्या आवारात कदाचित पहिल्यांदाच आलेला. म्हणून जाणता सुरक्षा अधिकारी कागदावर विसंबत नाही. दोन्ही टाक्यांच्या तोंडांचे जोड वेगवेगळ्या मापाचे बसवून घेतो, तोंडांना कुलूप लावतो, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे ठेवतो आणि टँकरचा क्रमांक, चलन, टाकीची पाटी हे तिन्ही जुळल्यावरच किल्ली द्यायला सांगतो. काही माहिती शब्दांत सांगण्यापेक्षा लोखंडात घडवलेली बरी.

ड्रम गोदामात आला. इथे या क्षेत्रातलं सर्वांत परिचित पद भेटतं, सुरक्षा अधिकारी. जुन्या कायद्यात हजार कामगारांच्या कारखान्याला आणि राज्याने ठरवलेल्या धोकादायक कारखान्यांना तो बंधनकारक होता. नव्या संहितेत ही मर्यादा पाचशेवर आणली आहे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात अडीचशेवर. त्याने काय करायचं ते फार लांबलचक लिहिलेलं आहे, पण टोल्युइनच्या ड्रमपुरतं सांगायचं तर ड्रम आणि भरायचं भांडं यांना अर्थिंग आणि बाँडिंगची तार जोडली आहे ना हे पाहायचं, कारण ओतताना द्रवावर स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी डोळ्यांना दिसतही नाही. कामाला परमिट लागतं, ते टेबलावर बसून सही करून द्यायचं नाही. जागेवर जाऊन द्यायचं. साठा ठरावीक प्रमाणापुढे गेला तर पेट्रोलियम नियमांखालचा परवाना लागतो; तो देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असल्यामुळे टोल्युइन तिच्या अ वर्गात मोडतं.

आणि एक साधी गोष्ट, जिच्यामुळे वर्षानुवर्षं माणसं भाजली आणि दगावली आहेत. मोठ्या ड्रमवर लेबल असतं. त्यातून पाच लिटरच्या कॅनमध्ये काढलं की कॅन कोरा असतो. कॅनमधून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं की पुढे काय होतं ते सांगायला नको. प्लांटमधून फेरी मारताना मी पहिल्यांदा कोरे कॅन शोधतो. ते सापडले तर त्या कारखान्याच्या फायली कितीही चकचकीत असोत, तिथे माहितीची साखळी तुटलेली आहे हे पक्कं समजायचं.

यापुढचा व्यावसायिक फारसा ओळखीचा नाही: औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ, ज्याला इंडस्ट्रियल हायजिनिस्ट म्हणतात. हवेत रसायन किती आहे हे तो मोजतो. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरला कोळशाची नळी, आठ तासांनी नळी प्रयोगशाळेत. जुन्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम आणि अल्पकाळची १५० पीपीएम दिली होती. आता एक शिफ्ट घ्या. दोन तास भरणीचं काम, तेव्हा हवेत २५० पीपीएम. उरलेले सहा तास २० पीपीएम. सरासरी येते ७७.५. कागदावर पास! पण भरणीच्या त्या दोन तासांत अल्पकाळची मर्यादा कधीच ओलांडली गेली आहे. शिवाय अमेरिकेतल्या आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने सरासरीचीच शिफारस २० पीपीएमवर आणून ठेवली आहे. नुसती सरासरी दाखवणारा अहवाल स्वीकारायचा नाही, हे हायजिनिस्ट व्यवस्थापनाला समजावतो.

त्याहून मोठा गैरसमज गॅस मीटरचा. टाकीत उतरण्याआधी एलईएल मीटर लावतात आणि तो शून्य दाखवतो म्हणून ‘हवा क्लिअर आहे’ म्हणतात. हा मीटर स्फोटाच्या खालच्या मर्यादेचे टक्के दाखवतो. टोल्युइनची ती मर्यादा १.१ टक्का, म्हणजे ११,००० पीपीएम. मीटरवरचा एक टक्का म्हणजे ११० पीपीएम झाले. ज्या ठिकाणी स्फोट होणार नाही तिथे माणूस गुंगून पडणार नाही असं मुळीच नाही. दोन मोजमापं वेगळी आहेत, उपकरणंही वेगळी लागतात. आणि नाकावर तर मुळीच भरवसा नको. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास १०० पीपीएमच्या आसपास यायचाच बंद होतो, कारण वास घेणारी नस बधिर होते. ‘वास गेला’ म्हणून आत उतरलेले लोक परत आलेले नाहीत.

कारखान्याचा डॉक्टरही याच साखळीतला. टोल्युइनच्या संपर्कातल्या कामगाराच्या लघवीत ऑर्थो-क्रेसॉल तपासतात. हवेतून अंगात किती गेलं ते त्यावरून कळतं. एमबीबीएस डॉक्टरांसाठी तीन महिन्यांचा एएफआयएच हा अभ्यासक्रम आहे, आणि तो केलेल्या डॉक्टरांना रसायन कारखान्यांत मागणी आहे. ग्रामीण भागात दवाखाना चालवणाऱ्या, आणि जवळच एमआयडीसी असलेल्या तरुण डॉक्टरांनी याचा जरूर विचार करावा.

आता मुख्य मुद्दा. पत्रिका अचूक, लेबल ठळक, मीटर नवा; तरीही माहिती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतेच असं नाही. सोळा भागांची इंग्रजी पत्रिका प्लास्टिकच्या खिशात घालून भिंतीला टांगली की नियम पाळल्याचा फोटो निघतो. ड्रम हलवणारा माणूस मात्र ठेकेदाराचा असतो, बिहार, ओडिशा किंवा मराठवाड्यातून आलेला, दोन महिन्यांपूर्वी बांधकामावर असलेला. महाराष्ट्राचे सुरक्षा अधिकाऱ्यांबाबतचे नियम १९८२ चे आहेत. त्यांत पदवी आणि डिप्लोमाच्या बरोबरीने कामगारांच्या भाषेचं पुरेसं ज्ञान ही पात्रतेची अट आहे. मला ती सर्वांत शहाणी अट वाटते, आणि मुलाखतीत तीच सर्वांत कमी तपासली जाते.

चांगला टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधीचं सुरक्षेचं बोलणं, दहा मिनिटांपेक्षा मोठा नसतो. एका दिवशी एकच रसायन, एकच काम. ‘भाऊ, ही तार कशाला लावतो आपण?’ असं विचारून सुरुवात करायची आणि उत्तर त्यालाच द्यायला लावायचं. ‘समजलं का?’ असं विचारलं तर सगळे मान हलवतात. म्हणून ‘डोळ्यात उडालं तर पहिल्यांदा कुठे पळशील, दाखव’ म्हणायचं आणि तो आयवॉशपर्यंत चालत जातो का, नळ चालू होतो का, पाणी स्वच्छ येतं का, हे सोबत जाऊन पाहायचं. वारा कुठून वाहतोय हे विंडसॉकवरून ओळखायला शिकवायचं आणि गॅस सुटला तर वाऱ्याला आडवं निघायचं. ज्या कामगाराचा त्या शिफ्टमध्ये शब्द चालतो त्याला आधी तयार करायचं, बाकीचे त्याचं ऐकतात. बायका कामावर असतील तिथे छातीवरच्या ताऱ्याचा अर्थ स्पष्ट शब्दांत, संकोच न करता सांगायचा. गरोदरपणी काम बदलून मिळायला हवं हेही सांगायचं. आणि रात्रपाळीला जायचं. दिवसपाळीत सगळे हेल्मेट घालतात.

कामगाराला आणखी एक गोष्ट सांगितली गेली पाहिजे: धोका डोळ्यांसमोर दिसत असेल तर तो थेट व्यवस्थापनाला आणि निरीक्षकालाही कळवण्याचा अधिकार त्याला कायद्याने दिला आहे. हे सांगणारा सुरक्षा अधिकारी मालकाचा शत्रू नव्हे. मालकाला तुरुंगापासून आणि कामगाराला तिरडीपासून वाचवणारा तोच.

अनुपालनाची म्हणजे कंप्लायन्सची बाजू थोडी कोरडी असते, पण तिथेही करायला पुष्कळ आहे. कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन आराखड्याची तालीम दर सहा महिन्यांनी, कारखान्याबाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा, ती जिल्हा प्रशासनाने घ्यायची. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, महाड अशा ठिकाणी शेजारशेजारच्या कारखान्यांचे परस्पर मदतीचे गट आहेत, त्यांना ‘मार्ग’ म्हणतात; एकाकडे आग लागली की दुसऱ्याचा फोम बंब निघतो. सुरक्षा लेखापरीक्षण भारतीय मानक १४४८९ प्रमाणे चालतं, आणि अनुभवी लोक पुढे स्वतंत्र लेखापरीक्षक होतात. सरकारी बाजूला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, कारखान्यांत त्याला ‘डिश’ म्हणतात. तिथली अधिकारीपदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला जे स्फोट झाले, त्यांनंतर या खात्याला पुरेशी आणि जाणती माणसं हवीत हे वेगळं सांगायला नको. हुशार मुलांनी इथे यावं.

शिक्षणाचा रस्ता असा. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, नाहीतर भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी. त्यानंतर कारखान्यात पर्यवेक्षकाच्या जागी प्रत्यक्ष काम. अभियंत्याला दोन वर्षं, बीएस्सी किंवा पदविकावाल्याला पाच, हे सर्वसाधारण प्रमाण. आणि औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा, ज्याला एडीआयएस म्हणतात. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा तो एक वर्षाचा आहे. शीव इथल्या केंद्रीय श्रम संस्थेतही होतो आणि तिथल्या प्रशिक्षणाला देशभर मान आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद बेलापूरला आहे. तिचा स्थापनादिन, ४ मार्च, आपण राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतो, आणि तिचे छोटे अभ्यासक्रम नोकरी करता करता करता येतात. आखातात जायचं असेल तर नेबॉश ही ब्रिटिश पात्रता चालते, मात्र आपल्याकडच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक व्हायला ती पुरत नाही.

इथे पालकांना कळकळीची सूचना. ‘फायर अँड सेफ्टी’ची पाटी लावून दहावी-बारावीच्या मुलांकडून मोठी फी घेणाऱ्या संस्था तालुक्यातालुक्यात निघाल्या आहेत. पैसे भरण्याआधी एकच चौकशी करा: हा डिप्लोमा सुरक्षा अधिकाऱ्याच्या नेमणुकीसाठी राज्य शासन मान्य करतं का? मान्यतेचा कागद संस्थेकडून घ्या आणि तंत्रशिक्षण मंडळाकडे किंवा संचालनालयात तपासून पाहा. शंभर टक्के नोकरीची हमी तोंडी मिळत असेल तर परत फिरा. त्या प्रमाणपत्रावर मुलगा फार तर गेटवर हेल्मेट वाटायच्या कामाला लागतो, आणि पाच वर्षांनी तिथेच असतो.

हे काम कुणाला झेपतं? ज्याला रसायन आवडतं आणि माणसंही आवडतात त्याला. उत्पादन थांबवा असं म्हणण्याचा प्रसंग वर्षातून काही वेळा येतोच, आणि तेव्हा प्लांट हेड चिडलेला असतो, माल जायचा असतो. सुरक्षा अधिकाऱ्याने कारखान्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या थेट हाताखाली काम करावं आणि त्याच्या कर्तव्याला बाधक असं दुसरं काम त्याला देऊ नये, असं नियमांत लिहिलं आहे, ते या क्षणासाठीच. जी कंपनी सुरक्षा अधिकाऱ्याला उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली बसवते आणि वर कँटीन व गाड्यांची व्यवस्थाही पाहायला लावते, ती नोकरी पगार चांगला असला तरी घेऊ नये.

आणि जो विद्यार्थी हे वाचतोय त्याने उद्याच एक करावं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली रोज हाताळायची एखादी बाटली घ्यावी, तिची एसडीएस उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि दुसरा, चौथा, आठवा व दहावा हे चार भाग वाचून त्यांचं एका पानाचं मराठी लिहावं, प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांना वाचून कळेल असं. ते त्यांना दाखवावं, त्यांनी जे प्रश्न विचारले ते टिपून घ्यावेत आणि पान पुन्हा लिहावं.